वकिलांच्या कोटाचं अस्तर

ता. ४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
प्लास्टरमधला पाय कसा आहे? लेकीकडे स्वस्थ राहा. दुकान बंद केलं की रोज तुझ्या बागेला पाणी घालतो. पण खरं सांगू? बाग कसली, जंगल माजवलंयस! रविवारी कात्री घेऊन सगळं शिवणीसारखं सरळ केलं. कुंपणाजवळच्या रुईच्या पानांची तर पार चाळण झाली होती, ती बुंध्यापासून छाटली.
तुझा धाकटा

ता. ७

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद (आज देववत नाहीत, तरी).
पत्र वाचून कपाळाला हात लावला. अरे शहाण्या, अळ्यांनी खावीत म्हणूनच रुई लावली होती! रुईवर येणाऱ्या फुलपाखराच्या अळ्या दुसऱ्या पानाला तोंड लावत नाहीत. आजूबाजूच्या सगळ्या अंगणांत फरशा बसल्या. तीन वर्षं वाट पाहिली तेव्हा यंदा पट्टेरी अळ्या दिसल्या. निघताना दोनदा बजावलं होतं, फक्त पाणी घाल. तू 'हो हो' म्हणालास, गिऱ्हाइकांना म्हणतोस तसंच. आधी त्या छाटलेल्या फांद्यांचा ढीग उपस, एखादी अळी जिवंत असेल. मला इथून हलता येत नाही, नुसतं रडू येतं.
ताई

ता. ११

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
बोलणी पोचली. ढिगात पाच जिवंत सापडल्या. बटणांच्या डब्यात घालून दुकानात आणल्या. काय खातात गं! रोज सकाळी स्कूटरवरून दगडखाणीपर्यंत जाऊन रुईची पानं आणतो. काल झाकण उघडं राहिलं. तीन परत मिळाल्या, एक बेपत्ता, आणि पाचवी वकिलांच्या नव्या कोटाच्या अस्तराला कोष करून लटकली आहे. कोट शुक्रवारी द्यायचाय. हलवू का?
धाकटा

ता. १४

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
खबरदार हात लावलास तर! चाळीस वर्षं 'परवा देतो' म्हणून लोकांना फिरवलंस, आता एकदा कारण खरं आहे तर घाम कसला फुटतो? वकिलांना सरळ सांग.
ताई

ता. २२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
सरळ सांगितलं, तर वकिलांना थापच वाटली. एवढ्या वर्षांची पुण्याई! शेवटी हाताला धरून कोट दाखवला. मग रोज कोर्टात जाताना डोकावू लागले, जुन्याच कोटात. आज ते समोर असतानाच फुलपाखरू बाहेर आलं. ओले पंख वाळेपर्यंत मी मशीन बंद ठेवलं. ते दारातून उडून गेलं, तेव्हा वकिलांना कोर्टाला उशीर झाला होता.
बाहेर येताना फुलपाखरानं टाकलेल्या थेंबाचा अस्तरावर तांबूस डाग राहिलाय. बदलून देतो म्हटलं, तर राहू दे म्हणाले.
डब्यातल्या तिघींनीही कोष केलेत. रुईच्या खुंटाला दोन पानं फुटली आहेत. चुकलो, ताई. हल्ली पाणी घालायला जाताना कात्री दुकानातच ठेवतो. माया आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा