ज्वारीचे पापुद्रे

परभणी, १२ फेब्रुवारी २०२४

ती. अप्पांस शि. सा. न. वि. वि.

तळले असतील तर उरलेले तरी तळू नका. काल निघताना माझा स्टीलचा डबा स्वयंपाकघरात राहिला. त्यातले पातळ पापुद्रे पापडासारखे दिसतात, पण ते पापड नव्हेत. ज्वारीच्या सत्त्वात लवंगेचं तेल घालून मी प्रयोगशाळेत केलेत. अपाय काही नाही, पण खायचे नाहीत. अव्वाला सांगा. तुमचा फोन कालपासून बंद लागतो, म्हणून पत्र.

अव्वाच्या शेंगाचटणीचा मैत्रिणींनी एका रात्रीत फडशा पाडला.

आहे ती माया तशीच राहू द्या.
राजेश्वरी

जळकोट, १७ फेब्रुवारी

चि. राजेश्वरीस आशीर्वाद.

पत्र पोचलं तेव्हा डबा घासून पालथा होता. सोमवारी शंभुलिंग स्वामी जेवायला होते. लेकीनं पापड केले म्हणून अव्वानं कौतुकानं तळले. स्वामींनी दोनदा मागून घेतले. पोरीच्या हाताला चव आहे, आता शिकवणं पुरे करून सासरी धाडा, असंही म्हणाले. जंगमाचं जेवण झाल्यावर उरलेले मी खाल्ले.

एक विचारतो. डब्यात दोन पुड्या होत्या. एकीतले पापुद्रे पांढरे. दुसरीतले लालसर, आक्रसलेले. अव्वाला वाटलं, टोमॅटो घातला असेल. फळं टिकवायचं आवरण करते, असं तू सांगितलं होतंस. कोणतं फळ?

फोन आता लागतो. तरी लिहूनच कळव.
शरणप्पा

परभणी, २१ फेब्रुवारी

ती. अप्पांस शि. सा. न. वि. वि.

फळ नव्हतं. मटण होतं. ते जास्त दिवस ताजं राहावं म्हणून हे आवरण. त्याच्यासकट शिजवून खाता येतं. पांढरे पापुद्रे कोरे होते. लालसर पापुद्रे आठ दिवस शेळीच्या मांसाला चिकटून होते, मग तपासणीसाठी सोलून वाळवले. रंग रक्ताच्या पाण्याचा. कोरे तेवढेच तुम्हाला दाखवायला आणायचे होते, घाईत दोन्ही पुड्या डब्यात आल्या.

आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही, म्हणून दोन वर्षं खोटं सांगितलं. भाकरीसाठी तुम्ही दिलेली ज्वारीच यात घातली. पहिल्यांदा मांस हातात घेतलं तेव्हा ओकले होते. आता हात धुऊन सरळ जेवायला बसते. त्याचीच कधीकधी किळस येते.

स्वामींना सांगू नका. म्हातारं माणूस आहे.

रागवा, पण पत्र थांबवू नका.
राजेश्वरी

जळकोट, २५ फेब्रुवारी

चि. राजेश्वरीस आशीर्वाद.

पत्र वाचून परसात जाऊन ओकलो. इतक्या दिवसांनी पोटात काय राहणार, तरी ओकलो. अव्वानं कढई तीनदा राखेनं घासली आणि मग उकिरड्यावर टाकली. तुझं नाव निघालं की तोंडाला पदर लावते. मला घाण वाटते ती वेगळ्याची. चव चांगली होती. जीभ ती विसरत नाही.

आज मठात जाऊन स्वामींना सांगितलं. नकळत खाऊ घातलं ते एक. लपवून पुन्हा पंगतीला बसवणं मला जमणार नव्हतं. ते गळ्यातलं लिंग मुठीत धरून बसले. पोरगी रोज हात लावते का मांसाला, एवढंच विचारलं. व्हय म्हणालो. ऊठ म्हणाले. उद्या सोमवार. येतात की नाही, ठाऊक नाही.

सुट्टीत ये. तुझं ताट वेगळं असेल. अव्वानं आणून ठेवलंय.
शरणप्पा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी स्वामी नेहमीच्या वेळेला आले. उंबरा ओलांडला नाही. शिजवलेलं नको, कोरडा शिधा द्या म्हणाले. अव्वानं सूपभर ज्वारी आणली. त्यांनी मूठभर घेऊन हुंगली, मग सगळी झोळीत ओतून घेतली आणि गेले.