भीतीचं नाम

बुधवार, संध्याकाळ. उस्मानपुरा.

उद्या बायकोची, सुनंदाची, वाळूजच्या कारखान्यात इंग्रजीची परीक्षा. पास झाली तर सुपरवायझर होईल, आणि रात्रपाळीही सुटेल. म्हणून आज तिला विशेषणापासून नाम कसं करायचं ते शिकवत बसलो. शिकवत म्हणजे, मीच अडखळत होतो. आमच्या संस्कृतात 'त्व' नाहीतर 'ता' लावा, काम झालं. इथं काइंडचं काइंडनेस, पण ब्रेव्हचं ब्रेव्हरी आणि ट्रूचं ट्रुथ! शेवटी तिला सांगितलं, अडलं की सरळ 'नेस' लावून मोकळी हो.

"बेशिस्त भाषा आहे," मी म्हटलं.

"व्हय? मग तुमच्या संस्कृतात धीरचं धैर्य कसं झालं, शास्त्रीबुवा?"

मी चष्मा पुसला.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "अहो, अफ्रेडचं नाम काय?"

"अफ्रेडनेस," मी ठोकून दिलं. मग शंका आली म्हणून कोश काढला. निघालं फिअर. शब्दच निराळा, 'नेस'चा पत्ता नाही. तिला लिहून घे म्हणायला वर पाहिलं, तर तिनं पुस्तक केव्हाच मिटून ठेवलेलं. म्हणजे प्रश्न पुस्तकातला नव्हताच. आणि मी कोश चाळत होतो!

"सकाळी सोबत येऊ का?" मी विचारलं.

"या. पण गेटाबाहेर थांबा. आत येऊन नियम सांगायचे नाय."