मॅडमना न दिलेलं उत्तर

संध्याताई,

आम्हाला बी.ए.ला एक कादंबरी आहे. बेटावर अडकलेली पोरं, मोठं माणूस कुणीच न्हाई, मंग ती एकमेकांच्याच जिवावर उठतात. मॅडमनी विचारलं, "खरंच असं होईल?" सगळे "न्हाई" म्हणाले. मला आपलं वसतिगृह आठवलं.

आपल्या वसतिगृहातल्या बाई दोन दिवस गावाला गेल्त्या, तेव्हा पोरींनी तुला न्हाणीघरात कोंडलं. तू दुपारभर ओरडत होतीस. नंतर तू शाळाच सोडलीस. "माझी मावसबहीण तेवढी त्यांच्यात नव्हती," असं तू अजून गावाकडं, धावड्यात, सगळ्यांना सांगतीस.

हे पत्र तुला देणार न्हाई, म्हणून खरं लिहिते. कडी मीच लावल्ती. मला कुणी सांगितलं नव्हतं. तू ओरडत होतीस आणि मला हसू येत होतं.

तुझी धाकटी,
सुजाता