पटावरची एक मुलगी

बाई, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी आता तुमच्याच शाळेत पहिलीला शिकवते, तुमच्याच खोलीत. हे सांगायला कधीच लिहायला हवं होतं. आज लिहिते आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

दर सोमवारी तुम्ही डब्यातून चिठ्ठ्या काढून आमचे बाक बदलायचात. तिसरीत माझ्या शेजारी कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या बिहारी मुसलमानाची मुलगी आली, तेव्हा माझे बाबा शेतावरून थेट शाळेत आले होते. "बाई, माझे पोरीला दुसरे बाकावर बसवा." तुम्ही वहीतून मान वर न करता म्हणालात, "बसवते की. सोमवारी चिठ्ठी निघेल तिथं." बाबा म्हणाले, "लोक काय बोलतील?" "तेच विचारायला तिचा बाप सकाळी येऊन गेला," तुम्ही म्हणालात. बाबा शेतावर परत गेले. आम्ही दोघींनी आठवडाभर एका डब्यात खाल्लं.

आता वर्गात चिठ्ठ्या काढायचं कारण उरलेलं नाही. आमच्या गावकीतली सगळी मुलं पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेत जातात. माझी मुलगीसुद्धा. इथे फक्त लूमवाल्यांची मुलं उरली आहेत. पट आणखी घसरला तर शाळा बंद करून दुसरीकडे जोडणार, म्हणून मे महिन्यात आम्ही नारपोलीच्या चाळींतून दारोदार फिरतो. यंदा एका घरी आई पीठ मळत होती. मुलीचा लॉटरीत नंबर लागला होता, गरिबांसाठीच्या राखीव जागेवर. शाळा तीच, माझ्या मुलीची. आई मात्र घाबरलेली. "टीचर, वहाँ सब बड़े लोगों के बच्चे. मेरीवाली के साथ कौन बैठेगा?" मी पटाची वही उघडली. मग तिनं विचारलं, "आपकी बेटी किधर पढ़ती है?"

मी म्हटलं, "आमच्याच शाळेत. दुसरीत."

तिनं हात पुसले आणि मुलीला म्हणाली, "देख, टीचर की लड़की भी उधरीच है." लॉटरीची जागा तिनं सोडली.

पोरगी रोज येते. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत बसताना शेजारी एक हात जागा धरून ठेवते आणि कुणी बसलं तर भांडते. "टीचर, दीदी कब आएगी?" मी सांगते, मामाच्या गावाला गेली आहे. शाळा सुरू होऊन दोन महिने झाले, बाई. दुसरीतल्या मुलांना विचारून आली आहे ती. आता विचारत नाही, नुसती बघते. संध्याकाळी माझी मुलगी इंग्रजीत कविता म्हणते तेव्हा मला स्वयंपाकघरातून उठून गॅलरीत जावं लागतं. तुम्ही असतात तर मला काय म्हणाला असतात, ते माहीत आहे. पण त्याचा उपयोग होत नाही.

गेल्या आठवड्यात मी त्या शाळेत जाऊन चौकशी केली. पहिलीतली ती जागा अजून रिकामी आहे, पण प्रवेशाची मुदत संपली, आता काही करता येणार नाही, असं ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून लिहिते. मुदत संपल्याचं ऐकलं तेव्हा मला हायसं वाटलं. आमच्या पटावरचं एक नाव वाचलं होतं.