फ्रेमची बोलणी

९ जून
सायकलची फ्रेम बदलायची! ठरलं. सायकलवाला रितेश आज स्पष्टच म्हणाला, "मॅडम, ही सायकल शर्यतीची. तुम्ही लांब पल्ल्याच्या. वाकून वाकून मान जाईल." जाईल कसली, गेलीच आहे. गणपतीपुळ्याला जाऊन आलं की डाव्या हाताला मुंग्या. सुट्टीआधी फळ्यावर वर्तुळ काढताना खडू हातातून पडला. नववीची पोरं हसली. मीही हसले, पण आतून घाबरले.

लांब पल्ल्याला एन्ड्युरन्स फ्रेम लागते म्हणे. हँडल उंच, पाठ जरा ताठ. कार्बनची असेल तर खड्ड्यांचा मार अंगाला कमी. नावाजलेल्या कंपन्यांचे आकडे पाहिले आणि फोन पालथा ठेवला. चिनीच घ्यायची.

नासिरला सांगितलं. (हे नाव इथेच लिहिते. तोंडाने बावीस वर्षांत घेतलं नाही.) कुवेतला त्याची ड्युटी सुटली की रोज फोन येतो. "जेवलीस काय?" "नाय अजून. तुम्ही?" "जेवन आता." "बरं." संपलं! इतकी वर्षं हेच चाललंय. आज मात्र म्हणाला, "चिनी? थांब, घाई करू नको. मी बघतो."

१२ जून
वीस मिनिटं बोललो!! त्याने काय काय वाचून काढलंय! "चिनी म्हंजे सगला एकच माल नाय गो. कोन स्वतःच्या साच्यात बनवतो, कोन नुसता नाव चिकटवतो." आणि पेडल जिथे बसतात तिथे आटेच हवेत, दाबून बसवलेलं आपल्या खाऱ्या हवेत करकरणार — हे तर ठासून तीनदा. पाइप फिटर माणूस! आट्यांवर एवढं प्रेम करतो हे मला आजवर माहीत नव्हतं.

२० जून
भांडण. म्हणतो, "बावन्नची घे. जरा मोठी बरी."

या गल्फवाल्यांचं हे असंच! आमच्या अख्ख्या मोहल्ल्यात कुणाचंही खोकं उघडा, आत सगळं एक माप मोठं. पोरं वाढतील, बायको अंगाने भरेल. पोरं वाढतात, खरं आहे. मी मात्र होते तेवढीच आहे. सँडलमध्ये कापूस घालते, ड्रेस मशीनवर आत घेते. कधी बोलले नाही. आज बोलले — "सायकल शिवून आत घेता येत नाय!"

मग, "मंग ते सगले ड्रेस...?"
"सगळे."

वाटलं, फोन ठेवणार. तर म्हणाला, "माप दे."

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, मांड्यांमध्ये गणिताचं जाड पुस्तक. व्हिडिओवरून हुकूम — "वर दाब. अजून वर. हालू नको!" मला हसू आवरेना. पायांची आतली उंची चौऱ्याहत्तर सेंटीमीटर. मग हातांचं माप, मग खांद्यांचं. "हात एवढेच हायत तुजे?" म्हणाला, अगदी हळू. मी लाजले! त्रेचाळिसाव्या वर्षी! लग्नानंतर सगळ्या सुट्ट्या मिळून आम्ही तीन-एक वर्षं एकत्र राहिलो असू. माझे हात त्याने कधी नीट पाहिले असणार?

सत्तेचाळीसची फ्रेम निघाली.

२२ जून
आज पाऊण तास.

५ जुलै
एक हिरवी फ्रेम सापडली. गडद, मॅट. स्टॅक म्हणजे हँडलची उंची बरोबर, रीच म्हणजे हँडलपर्यंतचं अंतर बरोबर, आटे आहेत, बत्तीस मिलिमीटरचं टायर बसतं. जीव बसला तिच्यावर. नासिर म्हणाला, "रंग तडकतो म्हनतात."
बरं. दुसरी बघू.

२७ जुलै
पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कबद्दल बोलत होतो. मधेच विचारलं त्याने, "उमेर पयल्यांदा चालला तवा कोनाकडं गेला?" पोरगा आता पुण्यात नोकरीला आहे, स्वतः दाढी करतो, आणि बापाला हे आज विचारायचं होतं! मी सांगितलं, कपाटाकडे गेला, दोन पावलं टाकली आणि आपटला. तो खूप हसला. मग बराच वेळ नुसता फोन धरून बसला. मीही.

२४ ऑगस्ट
खरं लिहिते. मला हिरवीच हवी आहे. महिन्यापूर्वीच ठरलं होतं मनात. तरी रोज नवीन लिंक शोधून पाठवते, आणि तो रोज तिच्यात खोट काढतो — हिचं वजन जास्त, हिच्या वायरी आतून, रितेश वैतागेल. किती बरं वाटतं! फ्रेम ठरली की बोलणंही संपलं. परत "जेवलीस काय?"
दुखू दे मान.

१४ सप्टेंबर
पडले. आरे-वारेच्या उतारावर डावा हात बधिर झाला, ब्रेक वेळेवर दाबताच आला नाही. गुडघा सोलवटला. मागून गाडी नव्हती म्हणून वाचले. नासिरला सांगितलं नाही.

नाझिया — नासिरची बहीण, शेजारीच राहते — हळद लावायला बसली आणि तोंड सोडलं. "भाबी, एका सायकलीला एवढे महिने? तेवढ्यात लोकांची लग्नं लागतात! हात मोडलास तर फोन कशाने धरशील?"
ती बघत राहिली माझ्याकडे. कळलं असावं तिला.

५ ऑक्टोबर
सांगून टाकलं. "हिरवी. आता बदल नाय."
मग, "नक्की?" "नक्की." "बरं. कोन येनारा असला त्याच्याबरोबर पाठवतो."
रंग तडकण्याबद्दल एक अक्षर नाही.

९ ऑक्टोबर
"जेवलीस काय?" "हो." "बरं."

१८ ऑक्टोबर
तेच. आज तर पावणेदोन मिनिटं. मला त्याची आठवण येते. बावीस वर्षांत आली नव्हती एवढी. पूर्वी सवय होती, आता ती मोडून बसले. सायकलीच्या नादात हे काय करून घेतलं मी!

१ नोव्हेंबर
तहा येऊन गेला. जयगडचा, तिकडे नासिरच्याच खोलीत राहतो. सुट्टीवर आलाय. भलं मोठं खोकं दारात टेकवून म्हणाला, "भाभी, घ्या एकदाची! जुलैपासून नासिरभायच्या खाटंखाली होता ह्यो. रोज मना ठेचा लागायच्या. ऑगस्टात एकजन येत होता, मी बोल्लो, द्या पाठवून. तर म्हनतात, नको रे. अजून आमचा बोलना चाललाय."

जुलै! रोज नव्या फ्रेममध्ये खोट काढत होता तेव्हा हिरवी त्याच्या खाटेखाली!

फोनची वाट पाहणार नाही. आत्ता मीच लावते. फ्रेमला चाकं लागतात, आणि चाकांचं आम्ही अजून काहीच बोललेलो नाही.