लाळेचं प्रात्यक्षिक

३ जानेवारी, सकाळी
खर्रा आजपासून बंद. कायमचा. प्रेमलतेला चहा घेतानाच सांगितलं. ती म्हणाली, दिवाळीतही कायमचाच बंद केला होता जी. बायकोला नवऱ्याची इच्छाशक्ती दिसत नाही.

३ जानेवारी, दुपारी
मुख्याध्यापिका मुग्धा मॅडमनी बोलावलं. तंबाखूमुक्त शाळेची पाहणी सतराला. समन्वयक मीच. प्रमाणपत्र मिळालं तर पर्यवेक्षकपद मला, असं स्वच्छ म्हणाल्या. आनंदात अर्धी पुडी. सुपारी, तंबाखू, चुना, झकास घोटलेला. आनंदाची पुडी मोजत नाहीत.

८ जानेवारी
पाहणीला येणाऱ्या पाहुण्यांना एन्झाइमचं प्रात्यक्षिक दाखवणार. पिठाच्या पाण्यात आयोडीन टाकलं की निळंकाळं होतं. आधी लाळ मिसळून ठेवली, तर तिच्यातलं एन्झाइम स्टार्च फोडतं, निळं होत नाही. नववीकडून घोकून घेतलं: फार आंबट झालं तर एन्झाइम काम सोडतं, फार अल्कली झालं तरीही. चुना अल्कली, लाल लिटमस निळा करतो. असा शिकवणारा अख्ख्या नागपुरात नाही.

१२ जानेवारी
एक पुडी दोन दिवस पुरवतो. म्हणजे सुटल्यातच जमा. लॅबचे रुपराव म्हणाले, "सर, लाळ माही घ्या. तुमची राहू द्या न." जळतात. समन्वयकाचीच लाळ हवी, त्यातून संदेश जातो.

१७ जानेवारी, सकाळी ९.४०
छातीत धडधड. एक चिमूट दाढेमागे, औषध म्हणून. वर दोन वेलदोडे. कोणाच्या बापाला कळणार नाही.

१७ जानेवारी, दुपारी
माझी लाळ. दहा मिनिटं थांबलो. आयोडीन. निळंकाळं. पीठ जुनं असेल म्हणालो. त्याच पिठात रुपरावांच्या लाळेने निळं झालं नाही. पाहुण्या बाई म्हणाल्या, सरांच्या लाळेला लिटमस लावा. मीच लावला. लाल कागद निळा. बाईंनी वर्गाला विचारलं, कशाने झालं असेल?

पन्नास मुलं एका सुरात म्हणाली, "चुना."

एकाचंही चुकलं नाही. मुग्धा मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

१८ जानेवारी
प्रमाणपत्र नाही. पर्यवेक्षक मुकुंद सर. समन्वयक रुपराव. प्रेमलतेने कपाटातल्या चार पुड्या काढून ताटाशेजारी ठेवल्या. नववीची मुलं हजेरी देताना माझ्या तोंडाकडे बघतात. लाज वाटली. तासभर फळ्याकडे तोंड करून शिकवलं.

तंबाखूचं नाव कुठेच आलं नाही, हे लक्षात घेतलं पाहिजे. दोष चुन्याचा. उद्यापासून बिनचुन्याचा खाईन.