चिंचोक्यांचं गाव

कोल्हापूर,
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. संक्रांतीचा तिळगूळ मिळाला असेल. कडक झालाय, मला माहीत आहे. क्रांतीवहिनीला सांग, पाक काही माझ्या हाताला जमत नाही, तिनं हसून घ्यावं.

तू फोन उचलत नाहीस, मेसेजला एकच टिक दिसते, म्हणून हे पत्र. शिरोलीत राहणाऱ्या सख्ख्या भावाला पोस्टानं लिहायचं म्हणजे गंमतच आहे. पण कागद काही ब्लॉक करता येत नाही तुला.

मी दर शनिवारी गावी जाते. घरी सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात. थोरली म्हैस व्याली, रेडी झाली. आबांची तब्येत बरी आहे.

शाळेतली एक गोष्ट मात्र तुलाच सांगायची आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात आम्हाला काम दिलं होतं, राजकीय ध्रुवीकरणावर मुलांसाठी एक खेळ तयार करा. नववीच्या वर्गात मी फळ्यावर तो शब्द लिहिला आणि अर्थ सांगितला, समाजाचे दोन तट पडणं. मागच्या बाकावरचा पृथ्वीराज म्हणाला, "मग गट म्हणा की बाई. एवढा मोठा शब्द कशाला?" सगळा वर्ग हसला, मीही हसले. आपल्या भागातल्या पोरांना हे शिकवायला निघालेली मी तरी कोण शहाणी.

पट तयार केला एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. पुढून कुणा साहेबांचा गॉगलवाला फोटो, मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर गाव काढलं. सोंगट्यांऐवजी चिंचोके. मुलांचे दोन गट, पक्षांचे रंग टाळायचे म्हणून भगवी रिबीन नको, निळी नको, हिरवी नको, असं करत शेवटी एकाला जांभळी आणि दुसऱ्याला करडी दिली. प्रत्येकाला दर डावात दोन चिंचोके. ते आपल्या गटाच्या डब्यात टाकायचे, नाहीतर गावाच्या पाण्याच्या टाकीत. ज्याचा डबा भरेल त्याचा सरपंच. पण टाकीतले काही चिंचोके दर डावाला गाव वापरणार, आणि टाकी रिकामी पडली तर खेळ संपला, सगळेच हरले. शिवाय दर डावाला एक बातमीचं कार्ड. 'समोरच्या गटानं तुमचा नळ फोडला', असलं काहीतरी. बातमी खोटी वाटली तर समोर जाऊन विचारायची मुभा होती.

एकानंही विचारलं नाही, दादा. तिसऱ्या डावात टाकी कोरडी पडली. मधल्या सुट्टीत जांभळ्या रिबिनी एका झाडाखाली डबा खात होत्या आणि करड्या दुसऱ्या झाडाखाली. कालपर्यंत एका डब्यातली भाकरी खाणाऱ्या दोन मैत्रिणी पाठी फिरवून बसल्या होत्या. पोरांच्या हातात मी हे काय दिलं, असं झालं.

सुट्टीनंतर पट गुंडाळायला घेतला, तर दानेश्वरी पुढं आली. सीमेकडची मुलगी, घरी कानडी बोलते, वर्गात फारशी तोंड उघडत नाही. पटाकडं बघत म्हणाली, "बाई, ह्या गावात स्मशान कुठं हाय?"

"खेळात कशाला गं स्मशान?"

"मग हितली माणसं मरत न्हाईत व्हय?"

मी पट नीट बघितला आणि चूक दिसली. मी दोन दूध संस्था काढल्या होत्या, दोन तालमी, दोन मंडळं, दोन पार. सवयीनं, विचार न करता. दोन्ही गटांनी एकत्र उभं राहावं अशी जागाच त्या गावात ठेवली नव्हती. सगळंच दोन-दोन असलेल्या आपल्या गावात जन्माला आलेला माणूसच असा पट काढू शकतो.

दानेश्वरीनं नदीच्या कडेला एक चौकोन काढला आणि कोऱ्या कार्डावर लिहिलं, 'गावात माणूस गेलं'. पृथ्वीराजनं विचारलं, "कुठल्या गटाचं?" ती म्हणाली, "तसं लिवायचं नसतंय. मातीला सगळीच जात्यात."

मग मुलांनीच नियम केला. हे कार्ड निघालं की सगळ्यांनी त्या चौकोनाभोवती उभं राहायचं, एक डाव चिंचोके टाकायचे नाहीत. खेळ पुन्हा मांडला. कार्ड निघालं. चाळीस पोरं त्या एवढ्याशा चौकोनाभोवती खांद्याला खांदा लावून उभी राहिली. करायला काहीच नव्हतं, म्हणून कुजबुज सुरू झाली. "आमचा नळ तुम्ही फोडलासा?" "न्हाय की. आम्हाला तर सांगितलं, तुम्हीच आमची मोटर जाळलीसा." पुढच्या डावात टाकीत चिंचोके पडायला लागले. त्यांचा टपटप आवाज ऐकत मी दाराशी उभी होते. इतकी वर्षं शिकवतेय, पण असं थक्क व्हायला झालं नव्हतं. हात जोडावेत असं वाटलं त्या पोरांना.

शेवटी पृथ्वीराजनं विचारलं, "बाई, हे कार्ड निघायच्या आधीच तिथं जाऊन हुबारलं तर चालतंय का?"

नियमात तसं काही नव्हतं. मी चालतंय म्हणाले आणि फळा पुसायला वळले, कारण डोळे भरून आले होते.

दादा, आबांची तब्येत बरी आहे असं वर लिहिलं, ते खरं नाही. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. कार्तिकापासून ते अंथरुणावर आहेत. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी शपथ घातली होती, ती मी आज मोडतेय.

ग्रामपंचायतीच्या त्या निवडणुकीत तू आबांच्या समोरच्या पॅनेलमधून उभा राहिलास आणि एकाच गोठ्यातलं दूध दोन संस्थांना जायला लागलं. मग तू शिरोलीला गेलास आणि तुझ्या वाटचं दूध थांबलं. कोण चुकलं ते मी लिहीत नाही, मला आता त्यात रस नाही. एवढंच सांगते. पंधरा वर्षं आपल्या संस्थेचे चेअरमन असलेल्या आबांनी दिवाळीपासून संध्याकाळचं दूध तुझ्या संस्थेत घालायला लावलंय, तुझ्या नावावर. आईनं विचारलं तर म्हणाले, "दूध न्हाय घातलं तर बाळासोचं सभासदत्व जाईल. मत ऱ्हायला पायजे पोराचं." ते मत समोरच्या गटालाच जाणार हे त्यांना माहीत आहे, तरी.

मातीला तू येशील. सगळ्यांच्या आधी येशील, खांदा देशील, दोन्ही गट मागं उभे असतील. त्याबद्दल मला शंका नाही.

कार्ड अजून निघालेलं नाही, दादा. त्याआधी ये.

दाराकडं डोळे लावून पडलेल्या आबांच्या उशाशी बसून लिहिणारी,
तुझी निशिगंधा

(वर 'कोल्हापूर' लिहिलंय ते सवयीनं. मी गावीच आहे.)